ड्रमखालची ओल कुठली?

ट्रकच्या मागच्या टायरवर आतल्या बाजूने काळपट ओघळ दिसला, की बहुतेक जण 'ब्रेक ऑइल गळतंय' म्हणून मोकळे होतात. व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारा भाग) बदलला जातो आणि पंधरा दिवसांत ओघळ पुन्हा हजर! ब्रेकच्या ड्रमच्या मागे दोन वेगळी तेलं शेजारीशेजारी नांदत असतात, एक ब्रेकचं आणि दुसरं मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधलं गिअर ऑइल. गळती कुठलीही असो, ओल बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या पत्र्याच्या, खालच्या कडेलाच येऊन साठते. नुसतं बघून काही कळत नाही. (हवेचे ब्रेक असलेल्या अवजड ट्रकमध्ये निदान हा घोळ नाही; तिथे ओल दिसली तर ती हबची किंवा हाउसिंगचीच.)

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पाण्याची परीक्षा. काचेच्या भांड्यात पाणी घ्या आणि ओघळातला थेंब त्यात सोडा. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. ते सहसा ग्लायकॉल इथरचं असतं, त्यामुळे पाण्यात विरघळून दिसेनासं होतं. गिअर ऑइल वर तरंगतं आणि रंगीत तवंग धरतं. ब्रेक ऑइलच्या 'डॉट' प्रकारांपैकी सिलिकोनचं डॉट ५ तेवढं अपवाद, तेही पाण्यात मिसळत नाही. वासही बोलका असतो. गिअरच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं घालतात, म्हणून त्याला उग्र, कुजकट वास येतो. चाखून बघणारे महाभागही असतात; ते मात्र नको, ग्लायकॉल विषारी असतात.

ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली म्हणजे गळती सिद्ध झाली, असं नाही. लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे) झिजले की व्हील सिलिंडरमधले पिस्टन बाहेर सरकतात आणि पातळी आपोआप थोडी खाली येते.

मग ड्रम उघडायचा. दुसऱ्या चाकांना उटी (अडण) लावून, ट्रक स्टँडवर टेकवूनच. आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. व्हील सिलिंडरच्या टोकाच्या रबरी टोपीची कड हळूच उचला. आत किंचित दमटपणा असेल तर चालतं, पण थेंब टपकला तर आतली वायसर, म्हणजे तेल अडवणारं रबर, गेली. या वायसरची एक गंमत आहे. तिचा आकार वाटीसारखा असतो, त्यामुळे पॅडल दाबलं की तेलाच्या दाबाने तिची कड पसरून सिलिंडरला आणखी घट्ट चिकटते. म्हणून दाबल्यावर न गळणारा सिलिंडर गाडी रात्रभर उभी असताना झिरपू शकतो. वायसरचा शत्रू बहुतेकदा पाणीच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, सिलिंडरला आतून गंज चढून खड्डे पडतात आणि त्यावर घासून रबर फाटतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० अंश सेल्सिअसवर येते.

तेल गिअरचं निघालं, तर ॲक्सलचं तेल अडवणारं सील मागवण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारी नळी, बघा. चालून हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, आणि ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर तो दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. अशा वेळी नवं सीलही गळणारच. ब्रीदर मोकळा असेल, तर सीलची कड धातूवर जिथे टेकते तिथे नख फिरवून बघा. चर लागला तर नवं सील त्या चरातच बसेल आणि पुन्हा गळेल. बेअरिंग ढिलं असेल तरी तेच.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा. लायनर सच्छिद्र असतात. वरून कोरडे दिसले तरी तापल्यावर आतलं तेल वर येतं. ते बदलायचेच, आणि दोन्ही बाजूंचे एकदम, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. शिवाय ग्लायकॉलसाठी बनवलेलं वायसरचं रबर पेट्रोल-डिझेलमध्ये फुगतं. ब्रेकच्या टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल ओतलं असेल, तर पॅडलकडच्या मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात.