शाळेला अल्पसंख्याक दर्जा हवाय? आधी ट्रस्ट डीड काढून वाचा

बरेच जण थेट फॉर्म शोधायला लागतात, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हा दर्जा म्हणजे सरकारची मेहेरबानी नाही. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शाळा-कॉलेज काढायचा आणि चालवायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३०(१) नेच दिलाय, सर्टिफिकेट फक्त ते मान्य करतं. सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच हे सांगितलंय.

आता कोण बसतं यात? धार्मिक म्हणजे मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. भाषिक अल्पसंख्याक मात्र राज्याप्रमाणे ठरतात (सुप्रीम कोर्टाचा २००२ चा टी. एम. ए. पै निकाल), त्यामुळे महाराष्ट्रात गुजराती, सिंधी मंडळी अल्पसंख्याक, आणि आपलीच बेळगावची मराठी माणसं कर्नाटकात अल्पसंख्याक, त्यांनाही हाच हक्क आहे हे खूप जणांना माहितीच नसतं!

अर्ज कुठे करायचा यात लोक हमखास चुकतात. दिल्लीचा राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग फक्त धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे, भाषिकवाल्यांनी राज्य सरकारकडेच जायचं, आपल्याकडे अल्पसंख्याक विकास विभाग. धार्मिक संस्थेला राज्याने नकार दिला तर ३० दिवसांत आयोगाकडे अपील करता येतं.

कागदपत्रांत ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, ट्रस्टींची यादी आणि ते कोणत्या समाजाचे त्याचं शपथपत्र, अर्ज करायचा ठराव, शाळेची मान्यता हे तर लागतंच, पण खरी गाडी अडते ती ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तऐवजात, कारण संस्था आपल्या समाजाच्या शिक्षणासाठी काढली असं उद्देशात स्पष्ट लिहिलेलंच नसतं. शिवाय चेंज रिपोर्ट (ट्रस्टी बदलल्याची धर्मादाय कार्यालयात द्यायची माहिती) वर्षानुवर्षं पेंडिंग, त्यामुळे शेड्यूल वनवर, म्हणजे तिथल्या ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनेच ट्रस्टी दिसतात. हे आधी निस्तरा.

जुन्या संस्थांनी तर पहिल्या मीटिंगचं प्रोसिडिंग, देणग्यांच्या पावत्या, जागेचे कागद अजिबात फेकून देऊ नका. नोव्हेंबर २०२४ च्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की संस्था अल्पसंख्याकांनी काढली का हे ठरवताना कल्पना कोणाची, पैसा-जमीन कोणी उभी केली हे बघायचं.

धार्मिक समाजाची नवी संस्था काढत असाल तर एनओसीचा (ना हरकत प्रमाणपत्राचा) अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्याच, कारण ९० दिवसांत एनओसी दिली नाही किंवा नकार कळवलाच नाही तर कायद्याने ती मिळाली असंच धरलं जातं, आणि त्या वेळी तुमच्या हातात तीच पोच असते.