होप्पांग आणि जिनप्पांग एक नाहीत, प्लीज

कोरियन सीरियल बघणाऱ्या आपल्या मराठी ग्रुप्सवर थंडी पडली की तेच सुरू होतं. कोणीतरी हौसेने पीठ आंबवून, आत लाल बीन्सचं गोड सारण भरून, मस्त बन वाफवते, फोटोवर लिहिते 'घरचे होप्पांग', आणि मग स्वतःच विचारते की सीरियलमधल्यासारखे गुळगुळीत का नाही झाले. अगं ताई, होणारच नाहीत, कारण होप्पांग म्हणजे कोरियातला फॅक्टरीत बनणारा वाफवलेला बन, आणि तू हाताने वळून वाफवायचं जिनप्पांग केलंयस आणि चांगलं केलंयस!

होप्पांग तुम्हाला माहितीये. दुकानाच्या काउंटरजवळचं काचेचं कपाट, आत वाफ, त्यात मांडलेले पांढरेशुभ्र बन. सामलिप नावाच्या बेकरी कंपनीने ते १९७१ मध्ये बाजारात आणलं, कारण थंडीत ब्रेडचा खप पडायचा आणि लोकांना काहीतरी गरम हवं असायचं. मग कंपनीनेच दुकानांना ती वाफेची कपाटं पुरवली.

आता खरी गोम. होप्पांग फॅक्टरीतच वाफवून पूर्ण शिजलेलं असतं, मग गार होतं, पॅक होतं, आणि दुकानातली वाफ त्याला फक्त परत गरम करते. जिनप्पांग दुकानदार तिथेच कच्च्या पिठाचं वळतो आणि तिथेच पहिल्यांदा शिजवतो. एवढंच, पण बाकी सगळे फरक इथूनच येतात. होप्पांगला पाकिटात काही दिवस मऊ राहायचंय आणि नंतर कपाटात तासन् तास वाफ खात बसायचंय, म्हणून त्याचं पीठ एकसारखं, बारीक जाळीचं, वरून तुकतुकीत. जिनप्पांगला टिकायचंच नसतं, ते गरम असताना खायचं. पीठ यीस्टने आंबवतात नाहीतर जुन्या पद्धतीने माकगलीने, म्हणजे तांदळाच्या गढूळ पांढऱ्या दारूने, त्यामुळे जरासा आंबूस वास येतो, चावायला थोडं चिवट लागतं, आकार वाकडातिकडा होतो, झाकण उघडलं की वरून सुरकुततं पण. तो दोष नाही हो! हाताने वळलेल्या पिठाचं ते लक्षणच आहे.

सारणातही तेच. होप्पांगचं लाल सारण सहसा गोड आणि गुळगुळीत, पुरणयंत्रातून काढल्यासारखं. चांगल्या जिनप्पांगमध्ये दाणे अर्धवट ठेचलेले, सालं दाताखाली येणारी, गोडी बेताची. मला विचाराल तर जिनप्पांगच, दहापैकी दहा वेळा. जिनप्पांगचं गाव आन्हुंग ज्यांना माहीत नाही त्यांनी नकाशावर बघा, गांगवोन प्रांतातलं हेंगसंगमधलं छोटं गाव, सोलहून गांगनुंगकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं, प्रवासी तिथे थांबून खायचे आणि आज ते गाव जिनप्पांगसाठीच ओळखलं जातं. तसं जिनप्पांग देशभर पसरलं ते कोरियन युद्धानंतर, अमेरिकेच्या मदतीचा गहू आला आणि मैदा स्वस्त झाला तेव्हा.

आणि प्लीज, सारणात राजमा घालणं थांबवा! 'लाल बीन्स' वाचलं की आपले लोक थेट राजम्याच्या डब्याकडे जातात. ते दाणे अझुकीचे, बारीक, मूग आणि चवळीचे जवळचे भाऊबंद, राजमा त्यांचा जरा लांबचा. अझुकी नाही मिळाली तर लाल चवळी घ्या, चव बरीच जवळ जाते, राजमा मात्र पिठूळ होतो आणि वास सोडतो.

वांगमांडूचं, म्हणजे मोठ्या वाफवलेल्या कोरियन डंपलिंगचं, काय म्हणाल तर त्यात खिमा-भाज्या असतात, ते तिखटमिठाचं, एक घास घेतला की कळतं. होत्तोक म्हणजे गोड सारणाची चपटी पोळी, ती तव्यावर तेलात भाजतात, तिचा इथे संबंधच नाही. होप्पांगमध्ये भाज्यांचे आणि पिझ्झाचे प्रकारही येतात, पिझ्झावाल्याबद्दल मी बोलणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांना कोरियन दुकानात फ्रोझन पाकीट मिळालं तर आधी मागे बघा आत आधी शिजवलेलं आहे की कच्चं. शिजवलेलं असेल तर मायक्रोवेव्हमध्ये तसंच टाकू नका, चामडं होतं, ओला कागदी रुमाल गुंडाळून थोडा वेळच फिरवा, नाहीतर सरळ मोदकपात्रात ठेवा. कच्चं असेल तर आधी उबेत फुगू द्या, मगच वाफवा आणि मध्ये झाकण उघडू नका, नाहीतर बन खाली बसतात.