पहिल्या चोवीस तासांतली लस : ‘ब’ काविळीच्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

गोव्यात विषाणूची बातमी येते ती पावसाळ्यात डेंग्यूची आणि उन्हाळ्याकडे सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाची. हे दोन्ही आरएनए विषाणू, म्हणजे ज्यांची जनुकीय माहिती डीएनएऐवजी आरएनए या रेणूत असते. ताप येतो, खाटा भरतात, आरोग्य खात्याची पथके गावात जातात. डीएनए विषाणूंपैकी बरेचसे इतका गाजावाजा करत नाहीत, कारण ते शरीरात मुक्कामाला राहतात. कांजिण्यांचा विषाणू चेतातंतूंच्या मुळाशी दडतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. पॅपिलोमा विषाणू वर्षानुवर्षे टिकला तर गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृतात घर करतो. हे टिपण या शेवटच्या विषाणूबद्दल आहे आणि त्यातही मुख्यतः एका वादाबद्दल : बाळाला पहिला डोस जन्मताच द्यायचा की सहा आठवड्यांनी?

डीएनए विषाणूंतली सर्वांत जुनी ओळख देवीची. तिची लस जून १८०२ मध्ये मुंबईत पोचली आणि एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी पसरत गेली. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, पुढच्याच वर्षी देशात देवी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. म्हणजे देवीचा शेवट गोव्याने भारताचा भाग म्हणून पाहिला. देशातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आणि मे १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. आज पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर ‘देवी काढल्याचा’ वण दिसतो, तेवढीच तिची खूण.

‘ब’ काविळीचा मागही देवीच्या लशीपाशीच लागतो, हे फारसे सांगितले जात नाही. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरात १८८३ साली गोदी कामगारांना माणसाच्या फोडातल्या द्रवापासून केलेली देवीची लस टोचली. १,२८९ जणांपैकी १९१ जणांना पुढच्या काही महिन्यांत कावीळ झाली. त्याच सुमारास कामावर आलेल्या, पण ती लस न टोचलेल्यांना झाली नाही. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यात पीतज्वराची लस घेतलेल्या सुमारे पन्नास हजार सैनिकांना काविळीने इस्पितळ गाठावे लागले, कारण त्या लशीत मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात गेले की त्याबरोबर कावीळही पसरते, हे कळायला असे दोन अपघात लागले. विषाणूचा पत्ता १९६० च्या दशकात लागला, रक्तद्रवापासूनची लस १९८१ मध्ये आणि यीस्टमध्ये वाढवलेली १९८६ मध्ये आली. हैदराबादेत १९९७ मध्ये देशी लस तयार झाली आणि किंमत उतरली. ती सरकारी कार्यक्रमात घेण्याची चर्चा खऱ्या अर्थाने त्यानंतरच होऊ शकली.

वाद समजण्यासाठी विषाणूची एक रीत माहीत हवी. त्याची जनुकीय लांबी जेमतेम ३,२०० अक्षरांची. देवीच्या विषाणूची पावणेदोन लाखांच्या वर. पण यकृतपेशीच्या केंद्रकात तो आपला डीएनए वर्तुळ करून ठेवतो, आणि आजची औषधे त्याला दाबून ठेवतात, ते वर्तुळ पुसत नाहीत. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले पाचही जण कायमचे वाहक होत नाहीत. बाळंतपणात आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे नव्वद टक्के होतात. त्यांना कावीळ दिसत नाही, ताप येत नाही. तिशी-चाळिशीत यकृत आकसते किंवा त्याचा कर्करोग होतो, तेव्हा कळते. लागण होताना आणि झाल्यावरही काही तास लशीला वेळ मिळतो. म्हणून पहिल्या चोवीस तासांचे मोल.

देशात २००२ मध्ये काही जिल्ह्यांत आणि शहरांत लस प्रायोगिक म्हणून सुरू झाली, तेव्हा ती सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीबरोबर बसवली गेली. कारण उघड होते. २००५-०६ च्या पाहणीतही देशातली चाळीस टक्क्यांहून कमी बाळंतपणे इस्पितळात होत होती. घरी जन्मलेल्या बाळापर्यंत परिचारिका चोवीस तासांत पोचणार कशी? शिवाय तज्ज्ञांच्या एका गटाचे म्हणणे होते की भारतात लागण बहुतांशी बालपणी, घरात आणि शेजारात होते, आईकडून कमी. म्हणून सहा आठवड्यांनी सुरू केलेली लसही पुरेल.

हा युक्तिवाद बिहारमधल्या खेड्यासाठी समजण्यासारखा होता. गोव्यासाठी तो कधीच लागू नव्हता. त्याच काळात इथली नव्वद टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे इस्पितळात होत होती. म्हापसा असो, मडगाव असो वा बांबोळी, बाळ आणि लस ठेवलेला फ्रीज एकाच इमारतीत होते. देशाच्या सरासरीवर बेतलेले वेळापत्रक छोट्या राज्याने आपल्या परिस्थितीवर तपासून घ्यायला हवे, असे या टिपणाचे स्पष्ट मत आहे.

दुसरा वाद आकड्यांचा. एका बाजूने वाहकांचे प्रमाण चार टक्क्यांच्या पुढे सांगितले जाई. दुसरी बाजू म्हणे, रक्तदात्यांच्या एकाच चाचणीवरून वाहक मोजता येत नाहीत, विषाणू सहा महिन्यांहून जास्त टिकला पाहिजे. नीट मोजले तर आकडा बराच खाली येतो. हा आक्षेप शास्त्राला धरून होता. पण त्यावरून लशीची निकडच नाकारणे मात्र पटत नाही. दोन टक्के धरले तरी देशाच्या लोकसंख्येत ती माणसे कोटींच्या घरात जातात.

पुढचा टप्पा २००७-०८ चा. लस दहा राज्यांत गेली, त्यांत गोव्याचे दोन्ही शेजारी, महाराष्ट्र आणि कर्नाटक, होते. इस्पितळात जन्मलेल्यांना जन्मताच डोस देण्याची सोयही झाली. परिचारिकांच्या भाषेत हाच ‘झिरो डोस’. २००९ मध्ये जागतिक पातळीवरून सर्व बाळांना चोवीस तासांत डोस देण्याची शिफारस आली. त्याच वर्षी गुजरातमधल्या मोडाशात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने ‘ब’ काविळीची जीवघेणी साथ आली. २०११ मध्ये लस देशभर लागू झाली. २०१२ च्या अखेरीपासून काही महिन्यांत गोव्यासह सहा ठिकाणी पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट आली. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस त्यात मिसळले. तिच्यावर न्यायालयात याचिका झाल्या, परदेशांतल्या बालमृत्यूंचे दाखले दिले गेले, आणि त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली : पेंटाव्हॅलंट नवजात बाळाला देत नाहीत. झिरो डोससाठी वेगळी, एकट्या ‘ब’ काविळीची कुपी लागतेच.

ही कुपी दहा डोसांची. रविवारी रात्री एकच बाळ जन्मले तर नऊ डोस वाया जातील, या भीतीने ती न फोडता सोमवारची वाट पाहण्याची सवय देशभर होती. उघडलेली कुपी ठरावीक तापमानात अठ्ठावीस दिवस वापरण्याची मुभा पुढे मिळाली, तेव्हा हे कारण उरले नाही. उलट धोका गोठण्याचा आहे. फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटलेली कुपी एकदा गोठली की लस निकामी होते.

गोव्यात आणखी एक घोळ जुना आहे. पाण्यातून येणारी ‘अ’ आणि ‘ई’ कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय गावच्या मुळीला जाते. तोच भरवसा मग ‘ब’ला लावला जातो. किनाऱ्यावरच्या टॅटूच्या सुईतून किंवा न्हाव्याच्या वस्तऱ्यातून येणारी ही कावीळ मुळीने उतरत नाही.

जुलै २०१८ पासून विषाणूंमुळे होणाऱ्या यकृतदाहासाठी (हेपॅटायटिस) राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात गर्भवतीची तपासणी आहे, आणि आई वाहक असेल तर बाळाला लशीबरोबर दुसऱ्या मांडीत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही. तपासणीचा निकाल प्रसूतिगृहात बाळंतपणाआधी पोचला, तरच ते वेळेत देता येते.