टोकाला पोचलेल्या चेंडूवर बल नसतं?

चेंडू सरळ वर फेकला की सगळ्यात उंच जागी तो क्षणभर थांबतो, म्हणून तिथे त्याच्यावर बल नसतं आणि त्वरणही (वेग बदलण्याचा दर) शून्य असतं, हा समज शाळेत चिकटतो तो कॉलेजातही सुटत नाही. शून्य होतो तो फक्त वेग.

वहीत वेग-काल आलेख काढून बघा. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर सोडला (हवेचा विरोध तूर्त विसरू), तर १ सेकंदाने वेग ९.८, २ सेकंदांनी शून्य, ३ सेकंदांनी उणे ९.८. तिरकी सरळ रेघ आडव्या अक्षाला छेदून तशीच खाली जाते. छेदताना तिचा उतार जराही बदलत नाही, आणि त्वरण म्हणजे तो उतारच. त्वरण आहे, म्हणजे बलही आहेच.

घोळ घालतो तो उंची-काल आलेख. तो टेकडीसारखा, माथ्यावर सपाट. पण त्याचा उतार वेग दाखवतो, बल नव्हे. ‘हाताचा जोर वर जाता जाता संपतो’ हेही तसलंच. चेंडू सुटला तेव्हाच हाताचं काम संपलं, पुढे फक्त गुरुत्वबल. माथ्यावर तेही नसतं, तर चेंडू तिथेच लटकला असता.