कर्ज फिटलं, पण सातबाऱ्यावरचा बोजा? अर्ज, कागद आणि अडणाऱ्या जागा

शेवटचा हप्ता भरला की बोजा, म्हणजे जमिनीवर चढलेली कर्जाची नोंद, आपोआप उतरतो, या समजुतीपायी सगळ्यात जास्त लोक अडकतात. बँकेत खातं बंद झालं म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद जात नाही. ती काढायला वेगळा अर्ज आणि वेगळा फेरफार (गावदप्तरातल्या बदलाची नोंद) लागतो. हे कळतं कधी, तर जमीन विकायला काढल्यावर किंवा नव्या कर्जाला गेल्यावर. तोवर वर्षं उलटलेली असतात, शाखा हललेली असते, जुना व्यवस्थापक बदलून गेलेला असतो.

अर्ज करणं सोपं आहे. ई-हक्क या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर ‘बोजा कमी करणे’ हा प्रकार निवडून बँकेचं पत्र जोडायचं, किंवा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. बँक किंवा सोसायटी स्वतःही हा अर्ज करू शकते, म्हणून आधी त्यांनाच विचारा.

अडतं ते पत्रापाशी. बहुतेक लोक बँकेचा निल दाखला घेऊन येतात. त्यात लिहिलेलं असतं, ‘सदर खातेदाराकडे काही येणे बाकी नाही.’ एवढ्यावर अर्ज परत येतो, कारण कोणत्या जमिनीवरचा कोणता बोजा उतरवायचा हे त्यात कुठेच नसतं. पत्रात गावाचं नाव, प्रत्येक गट नंबर, सातबाऱ्यावर आहे तशीच बोजाची रक्कम, बोजा चढवल्याचा फेरफार क्रमांक आणि ‘बोजा कमी करण्यास आमची हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य हवं. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. बँकेत जाताना ताज्या सातबाऱ्याची प्रत घेऊन जा आणि समोर बसून पत्रातला एकेक आकडा ताडून घ्या. एक गट नंबर सुटला तर त्या गटावरचा बोजा तसाच राहतो, आणि तो दिसतो नेमका खरेदीखताच्या आदल्या दिवशी.

सोसायटीच्या कर्जात आणखी एक पेच असतो. विकास सोसायटीचा बोजा सहकार कायद्याच्या कलम 48 प्रमाणे ‘इकरारा’ने, म्हणजे जमीन तारण असल्याच्या कर्जदाराच्या लेखी कबुलीने, चढतो. पीककर्जाची मर्यादा वाढली की नवा इकरार होतो, नवी ओळ चढते आणि जुनी तशीच राहते. मग एका गटावर एकाच सोसायटीच्या दोन-तीन ओळी दिसतात आणि सचिव पत्र देतो फक्त शेवटच्या ओळीचं. सगळ्या ओळी मोजून सांगा. पत्रही ज्या संस्थेच्या नावे नोंद आहे तिचंच लागतं. नोंद सोसायटीची असताना जिल्हा बँकेचा दाखला नेला तर अर्ज परत येणार.

कर्जमाफी मिळालेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. 2017 च्या किंवा 2019 च्या योजनेत रक्कम माफ झाली म्हणजे बोजाही गेला, असं नाही. संस्थेचं पत्र तेव्हाही लागतं.

बँकच उरली नसेल तर? देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, पण अनेक सातबाऱ्यांवर अजून जुनंच नाव आहे. अशा वेळी नव्या बँकेच्या पत्रात ‘पूर्वीची देना बँक’ असा उल्लेख मागून घ्या, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून अर्ज बाजूला पडतो. भूविकास बँकेच्या कर्जदारांचे हाल याहून वाईट. बँक अवसायनात गेली, म्हणजे कारभार गुंडाळायला काढला, 2022 मध्ये सरकारने थकीत कर्ज माफ करण्याचा निर्णय घेतला, पण दाखला मागायला शाखाच नाही. त्यांनी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. शेतकऱ्याने फेडलेल्या किंवा सरकारने माफ केलेल्या कर्जासाठी त्यालाच दारोदार फिरवणं अन्यायाचं आहे. माहिती सरकारच्या दोन खात्यांकडे आहे, ती त्यांनी एकमेकांना द्यायला हवी.

अर्ज दिल्यावर फेरफार क्रमांक मिळतो आणि लोक निर्धास्त होतात. तो क्रमांक म्हणजे नोंद फक्त धरली गेली. त्यानंतर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी साधारण 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबारा त्यानंतरच बदलतो. ताजा उतारा काढून ‘प्रलंबित फेरफार’ या ओळीत काय आहे ते बघा आणि मगच समोरच्याकडून इसार घ्या.

घराच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचा एक चांगला आधार आहे. 1 डिसेंबर 2023 पासून, पूर्ण परतफेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं आणि नोंदवलेला बोजा काढणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद बँकेकडून हरवले असतील तर दुय्यम प्रती मिळवून देणं आणि त्याचा खर्च बँकेचा, मात्र त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. यात दोन ठिकाणी गैरसमज होतो. हे 30 दिवस शेवटच्या हप्त्यापासून मोजत नाहीत, पूर्ण परतफेडीपासून मोजतात. दंडाची किरकोळ रक्कम बाकी राहिली तरी मोजणी सुरू होत नाही, म्हणून खातं बंद झाल्याचं तारखेसह पत्र घ्या. दुसरं, हा नियम गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज अशा वैयक्तिक कर्जांना आहे. पीककर्ज आणि धंद्याच्या कर्जाला तो लागू नाही, हे पाहून लोक फार निराश होतात. कर्जदार वारला असेल तर कागद वारसांना कसे द्यायचे याची पद्धत बँकेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर दाखवायची असते. ती मागा.

घराच्या तारणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीतही असते. ती कर्जदाराला काढता येत नाही, बँकेनेच काढावी लागते. पण शोध कोणालाही घेता येतो, तेव्हा महिन्याभराने बघून घ्या. नोंद तशीच असेल तर आधी बँकेला लिहा. तरीही हलली नाही तर केंद्रीय निबंधकाकडे कळवा. कायद्याप्रमाणे ते बँकेला नोटीस काढून जास्तीत जास्त 14 दिवसांत खुलासा मागतात.

गाडीचं काम त्यामानाने सरळ: फायनान्स कंपनीची एनओसी, कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35 (त्यावर गाडीमालक आणि कंपनी दोघांच्या सह्या), आरसी, चालू विमा आणि पीयूसी घेऊन परिवहन संकेतस्थळावर अर्ज. एनओसीवर मुदत छापलेली असेल तर ती संपायच्या आत अर्ज करा, नाहीतर नवी आणायला लावतात. आरसीवरून कंपनीचं नाव निघालं की विम्याच्या पॉलिसीवरूनही काढून घ्या, कारण तिथे कंपनीचं नाव राहिलं तर मोठ्या दाव्याची रक्कम देताना विमा कंपनी पुन्हा तीच एनओसी मागते.