अंधार विकणारी गावं

ग्वादियाना नदीच्या एका काठावर स्पेनचं सान्लुकार, समोरच्या काठावर पोर्तुगालचं आल्कोतिम. मध्ये पूल नाही. पण स्पेनच्या टेकडीवरून तारेला लटकायचं, ७२० मीटर सरकायचं आणि थेट पोर्तुगालात उतरायचं, अशी सोय एका पर्यटन व्यवसायाने केली. प्रवास मिनिटभराचा, मात्र घड्याळ तासभर मागे करावं लागतं. म्हणजे निघण्याआधीच पोचलात!

एरवी ही सीमा गावांना नडतेच. दोन्ही राजधान्या लांब, कामधंदा नाही, तरुण पोरं शहरात. आल्कोतिमच्या अख्ख्या पालिका हद्दीत जेमतेम अडीच हजार माणसं उरलीत, त्यांतही म्हातारी जास्त.

तारेची गंमत मला आवडते, पण तिने गावाचं किती भागतं? पाहुणा सरकला, एक कॉफी प्यायला, गाडीत बसला. बाकी खर्च दूरच्या हॉटेलात. अर्थशास्त्रात याला ‘गळती’ म्हणतात. तोच युरो गावातल्या खानावळीतून भाजीवाल्याकडे, तिथून सुताराकडे फिरला तर कितीतरी पट काम करतो. तेव्हा विचारायचं ते हेच, की पाहुणा रात्री झोपतो कुठे?

याच नदीवर वरच्या अंगाला अल्केवाचं धरण आहे. २००२ साली त्याचे दरवाजे बंद झाले, सुमारे २५० चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला आणि लुझ नावाचं गाव बुडालं. ते शेजारी नव्याने वसवलं. लुझ म्हणजे उजेड. पुढे या भागाने विकायला काढला तो अंधार!

वस्ती विरळ, म्हणून दिवे कमी, म्हणून हवेतल्या धुळीवरून विखुरणारा उजेडही कमी. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. २०११ मध्ये काळोखं आकाश जपण्यासाठी काम करणाऱ्या स्टारलाइट फाउंडेशनने या भागाला तारे पाहण्याचं जगातलं पहिलं पर्यटनस्थळ म्हणून प्रमाणपत्र दिलं. नंतर स्पेनकडची गावंही सामील झाली. व्हायलाच हवी होती. पलीकडच्या झगमगाटाला पासपोर्ट लागत नाही.

इथल्याच कुमिआदा गावातल्या जुन्या प्राथमिक शाळेत आता वेधशाळा आहे. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात. कुणी मध्येच मोबाइल उघडला, की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं होईतो मध्यरात्र. मग खोली घ्यावी लागते, जेवण गावातच, सकाळची न्याहारीही.

आपल्याकडे महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरला. तोही सीमेवरचाच, पलीकडे मध्य प्रदेशातला पेंच. त्याच्या सिल्लारी प्रवेशद्वाराशी गेलात तर सफारी आटोपून नागपूरला परतणाऱ्या गाड्या किती आणि मुक्कामाला थांबणाऱ्या किती, एकदा मोजून बघा.