चुंबकाचा पट्टा म्हणजे चुंबकीय उद्दीपन नव्हे

लघवीची अनावर घाई होऊन स्वच्छतागृह गाठण्याआधीच कपडे ओले होणाऱ्या आणि संकोचापोटी गप्प राहणाऱ्या स्त्रियांना कमरेला चुंबकाचा पट्टा बांधायला सांगितले जाते व त्यालाच चुंबकीय उपचार म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. स्थिर ठेवलेला चुंबक मज्जातंतू उद्दीपित करत नाही. खऱ्या उपचारात, म्हणजे चुंबकीय उद्दीपनात, स्त्री अंगावरच्या कपड्यांसह खुर्चीवर बसते, आसनाखालच्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचे क्षणिक झोत सोडले जातात आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या तत्त्वानुसार, झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे ओटीपोटाच्या तळाशी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होऊन मज्जातंतू चेतवले जातात व तिथले स्नायू आपोआप आवळले जातात. काहींना यामुळे आराम पडतो. मात्र तो किती टिकतो याचे पुरावे अपुरे असल्याने मूत्राशयाला वळण लावणे (लघवीला जाण्यातले अंतर हळूहळू वाढवणे) आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनाच आधी प्राधान्य द्यावे. पेसमेकर असल्यास किंवा गरोदरपणात हा उपचार घेऊ नये.